दुपारी मुकं होणारं खोकं

“आप्पासाहेब, तुमचं हे खोकं मुकं झालं, तर वरचा माणूस खाली कसा येणार?”

मित्रांनो, ज्या खोक्याबद्दल हा प्रश्न विचारला गेला, ते खोकं म्हणजे मीच. बारामतीजवळच्या माळावर विमान उडवायला शिकवणारी एक छोटी शाळा आहे. तिच्या धावपट्टीच्या कडेला जिना असलेली एक पत्र्याची खोली आहे. तिला सगळे मोठ्या तोऱ्यात ‘टॉवर’ म्हणतात. त्या खोलीत बसून वरच्या विमानांशी बोलणं, हे माझं काम. रेडिओ आहे मी, पण गाणी लावणारा नव्हे. ‘ये’, ‘थांब’, ‘वारा पश्चिमेचा आहे’, ‘आता उतर’, एवढंच बोलणारा.

प्रश्न विचारणारी होती नववीतली दिपाली. तिचा वर्ग सहलीला म्हणून चालत आला होता आणि तिच्या मैत्रिणी दारात रुमालात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. ह्या पोरीला डावीकडून हाक मारली तर ती वळून बघत नसे, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं तंद्रीबाई. “तंद्रीबाई, लई धीट झालीस म्हणं. मग मिशीवाल्याला एवढं इचारून दाखव. आमच्या डब्यातल्या सगळ्या कैऱ्या तुझ्या.”

तिनं विचारलं. खणखणीत विचारलं. बाईंनी डोळे वटारले. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, माझ्या डोक्यावर प्रेमानं थाप मारली आणि म्हणाले, “हे मुकं होत न्हाय, पोरी. हे मोठ्या विमानतळावरनं आलंय.”

सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र टेबलासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कारण आदल्याच दुपारी मी ठार मुका झालो होतो, आणि ते आप्पासाहेबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तसा मी पहिल्यापासून असा नव्हतो. बंगळूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी अंग, त्यावर हिरवा रंग, पुढे दोन काळ्या मुठी आणि एक सुई, जी मी बोललो की थरथरायची. तिथून मी एका मोठ्या शहराच्या विमानतळावर गेलो. माझा आवाज ऐकून पोटात माणसं घेतलेली विमानं ढगांतून खाली यायची. “किती स्वच्छ बोलतो हा,” असं वैमानिक म्हणायचे आणि माझी सुई ताठ व्हायची. मग एक दिवस माझ्यापेक्षा लहान, चकचकीत, बटणांचे रेडिओ आले. मला एका कोठारात नेऊन ठेवलं. तिथे कोळ्यांनी माझ्या जाळीवर आपली जाळी विणली आणि मी ती मुकाट्यानं विणू दिली.

ह्या माळावर शाळा निघाली तेव्हा जुनं सामान गोळा करताना मलाही गाडीत घातलं. आप्पासाहेब तेव्हाच फौजेतून निवृत्त होऊन आले होते. फौजेत ते बिनतारी संदेशांचंच काम करायचे. त्यांनी मला स्वतःच्या उपरण्यानं पुसलं, नारळ फोडला, कपाळाला हळदकुंकू लावलं. शाळेच्या साहेबांनी माझ्याकडे नाक मुरडून बघितलं. “फार जुना आहे. चालेल का?”

“ह्याची जिम्मेदारी माझी, साहेब,” आप्पासाहेब म्हणाले.

तो शब्द फार जड होता, मित्रांनो. आम्हा दोघांनाही तो शेवटी पेलला नाही.

पहिली वर्षं झकास गेली. शिकाऊ पोरं छोटी विमानं घेऊन उजनीच्या पाण्यापर्यंत जायची, पाणी चमकलं की वळायची आणि उसाच्या हिरव्या पट्ट्यांवरून माझा आवाज धरून घरी यायची. खाली धावपट्टी राखायला महिपती होता, म्हणजे दिपालीचा बाप. ह्याच माळावर त्याच्या आज्याची मेंढरं चरायची. आता त्याच माळावरून महिपती दुसऱ्यांची मेंढरं हाकायचा, कुत्री हाकायचा आणि विमान उतरून गेलं की सावलीला बसून तंबाखू मळायचा.

मग एका उन्हाळ्यात माझ्या पोटात चीर पडली. माईकमधला आवाज माझ्या आत आणणारी एक तार असते. तिच्या जोडावरचा सोल्डर, म्हणजे कथलाचा डाग, तडकला. सकाळी गारव्याला तो चिकटलेला असे आणि मी नीट बोलत असे. दुपारी डोक्यावरचा पत्रा तापला की फट उघडायची. आप्पासाहेब बटण दाबून बोलायचे आणि वरच्या पोराच्या कानात नुसतं ‘खस्स’. मला सगळं ऐकू यायचं, बोलता मात्र काही यायचं नाही.

आप्पासाहेब मला उघडून बघायला घाबरायचे. फौजेत त्यांनी रेडिओ वापरले होते, उघडले नव्हते. मग ते माझ्या कुशीवर एक चापट मारायचे. बहुतेक वेळा फट मिटायची आणि माझा आवाज परत यायचा. वरून पोरगं विचारायचं, “मघाशी काही ऐकू आलं नाही, आप्पासाहेब.” आणि आप्पासाहेब शांतपणे सांगायचे, “तुझा हेडफोन बघ. तुझ्यातच गडबड हाय.”

ती पोरं बिचारी स्वतःचेच कान तपासत बसायची. आणि हे खोटं वर पोचवायला आप्पासाहेबांना माझाच आवाज लागायचा.

सहलीच्या थोडं आधी, एके दुपारी दिपाली महिपतीची भाकरी घेऊन वर आली. आप्पासाहेबांनी तिला जाताना दोनदा हाक मारली. ती जिना उतरून गेलीसुद्धा.

“महिपती, पोरीला ऐकायला कमी येतं का रं?”

महिपतीनं आधी जिन्याकडे बघितलं, मग आवाज उतरवला. “डावा कान, आप्पासाहेब. ल्हानपणी फुटला व्हता, तवापास्नं बंद हाय. पर तेवढं कुठं बोलू नगा. थोरलीचं लगीन जमतंय. धाकटीचं कळलं, तर सोयरं म्हणत्याल, घराण्यातच खोट हाय.”

“शाळंत सांगितलंय का?”

“शाळंत सांगितलं की गावात झालंच की.”

तेवढ्यात वरून एका विमानानं विचारणा केली. आप्पासाहेबांनी बटण दाबलं. खस्स. चापट. खस्स. जोराची चापट. मग कुठे मी बोललो. महिपती भाकरी हातात धरून बघतच राहिला.

“बघितलंस ना,” आप्पासाहेब म्हणाले. “आता तूबी कुठं बोलू नको. साहेबाला कळलं तर ही विमानाची शाळा उचलून दुसरीकडं नेत्याल. माझं खोकं गेलं, तसं तुझं कुत्री हाकायचं कामबी गेलं.”

“न्हाय बोलत.”

“मग मीबी न्हाय बोलत.”

दोघांनी शेंगदाण्याची चटणी वाटून घेतली आणि भाकरी मोडली. झाला करार. साक्षीला मी. मित्रांनो, आपल्यात दोष आहे ह्याची लाज मला आधीपासून होती. पण त्या दिवशी माझा दोष एका मुलीच्या कानावर झाकण म्हणून ठेवला गेला आणि तिचा कान माझ्यावर. त्या लाजेला मला नाव देता येईना.

दिपालीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. सहलीनंतर ती पुन्हा भाकरी घेऊन आली, तेव्हा पदराआडून बोलल्यासारखं नाही, सरळ म्हणाली, “पैजंच्या कैऱ्या मी खाल्ल्या, आप्पासाहेब. पर उत्तर काय मला मिळालं न्हाय.”

आप्पासाहेब हसले. कपाटातून त्यांनी एक मोठा दिवा काढला. “खोकं बोललं न्हाय तर हा. हिरवा दावला तर ये. लाल दावला तर थांब. आन जमिनीवर पांढऱ्या कापडाची मोठी फुली दिसली, तर हितं उतरायचंच न्हाय, धावपट्टी बंद हाय.”

“मग फुली कुठं हाय?”

“ही काय, घडी घालून ठेवलीया. अजून कधी लागली न्हाय.”

ती ऐकताना नेहमीसारखी माझ्या डाव्या अंगाला उभी राहिली होती, उजवा कान पुढे करून. त्यानंतर ती वरचेवर यायची. विमानातल्या पोरांचं बोलणं ऐकायची आणि शाळेत जाऊन त्यांच्या इंग्रजीची नक्कल करायची. मैत्रिणी तिला तंद्रीबाई म्हणायच्या विसरायला लागल्या होत्या म्हणे.

आणि मग तो रविवार आला.

रविवारी विमानं उडत नसत. म्हणून चैत्रात त्या दिवशी धावपट्टीच्या टोकाच्या स्वच्छ सिमेंटवर कुरडया वाळवायची मुभा आप्पासाहेबांनीच महिपतीच्या बायकोला, फुलाबाईला, दिली होती. थोरलीच्या रुखवतात मांडायच्या कुरडया होत्या त्या. गहू भिजवून, चीक काढून, पहाटे शिजवून, सोऱ्यातून पाडलेल्या. फुलाबाई आणि तिची जाऊ धोतरं अंथरायच्या ती त्यांच्या घरच्या रीतीनं. चार धोतरं चार दिशांना, टोकं मध्ये जुळवून. मध्ये एक जण काठी घेऊन बसली की चारी बाजूंचे कावळे एकाच जागेवरून हाकता येतात. चांगली सोयीची रीत आहे. जमिनीवरून बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

पण त्या रविवारी साहेबांनी राजवर्धनला उड्डाणाची परवानगी दिली. इंदापूरचा हा पोरगा, परीक्षा तोंडावर आलेली, आणि आदल्या दिवशी वावटळींमुळे त्याची फेरी राहिली होती. उजनीपर्यंत एकट्यानं जाऊन यायचं होतं. आप्पासाहेबांनी खिडकीतून कुरडयांकडे बघितलं. “कडंला हाईत. राहू द्या,” म्हणाले. महिपती थोरलीच्या लग्नाच्या कामासाठी इंदापूरला गेला होता. दिपाली सकाळी आईबरोबर कुरडया मांडून पाणी प्यायला वर आली आणि राजवर्धनचं बोलणं ऐकत तिथेच रमली.

गेला तेव्हा मी नीट बोललो. परत आला तेव्हा पत्रा तापला होता.

“माळ दिसतोय. उतरायची परवानगी द्या,” राजवर्धन इंग्रजीत म्हणाला. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतोय. आप्पासाहेबांनी बटण दाबलं. खस्स. चापट. खस्स. चापट. खस्स. माझ्या कुशीला पोचा पडला, पण फट काही मिटली नाही.

“खालून उत्तर नाही,” वरून आवाज आला. “धावपट्टीच्या टोकाला पांढरी फुली दिसतेय. धावपट्टी बंद आहे का?”

“कसली फुली?” आप्पासाहेब माझ्यावर ओरडले. “फुली तर कपाटात हाय.” त्यांनी दिवा उचलला आणि गॅलरीत जाऊन हिरवा प्रकाश वर धरला. भर उन्हात तो काजव्याएवढा दिसत असणार.

“हिरवं काहीतरी चमकल्यासारखं वाटतंय. पण फुली आहे. फुलीच्या मध्ये एक माणूस काठी हलवतोय. जा म्हणतोय.” मग थोडा वेळ नुसती घरघर. “पुण्याला पुरेल एवढं पेट्रोल नाही. एक चक्कर मारतो. नाहीतर इंदापूरच्या हायवेवर उतरायचं बघतो.”

हायवे म्हणजे लोणी देवकरच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, एसट्या, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या. आप्पासाहेबांनी दिवा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. आणि मग राजवर्धनची इंग्रजी संपली.

“आप्पासाहेब, कायतरी बोला की.”

मित्रांनो, त्याचा एकूण एक शब्द मला ऐकू येत होता. आयुष्यात हजारो वेळा मी ‘ये’ म्हटलं असेल. त्या वेळी मात्र एकदाही म्हणता आलं नाही.

दिपाली माझ्या डाव्या अंगाला उभी होती, उजवा कान माझ्या जाळीला जवळजवळ टेकवून. ती एकदम ताठ झाली. “आप्पासाहेब, आमच्या कुरडया हाईत त्या.” आणि जिन्यावर तिची पावलं वाजली, मग तीही वाजायची थांबली.

पुढचं मी पाहिलं नाही. माझ्या टेबलावरून धावपट्टी दिसत नाही. मी ते वरून ऐकलं.

“फुलीकडे कोणीतरी पळत निघालंय.” घरघर. “काठीवाला उठला. त्याच्या मागे लागलाय.” घरघर. “फुलीचा एक हात गेला. दुसरा पण गेला. ती पोरगी धोतरं ओढतेय.” आणि मग अगदी लहान मुलासारखा आवाज, “फुली न्हाय आता. दिवा हिरवा हाय. येतोय मी, आप्पासाहेब.”

चाकं सिमेंटला घासल्याचा आवाज आला. आप्पासाहेब गॅलरीतच खाली बसले.

थोड्या वेळानं सगळे वर आले. राजवर्धनच्या बुटाला कुरडईचा तुकडा चिकटला होता. दिपालीचे हात कोपरापर्यंत चिकानं पांढरे झाले होते. फुलाबाईच्या हातात अजून काठी होती.

“रुखवताची माती केली हिनं,” ती धापा टाकत म्हणाली. “आन हा वर घिरट्या घालतुय, धुरळा उडल, म्हणून मीच काठी हालवली की. म्हनलं जा बाबा लांबनं.”

“काकू, मला वाटलं तुमी विमानतळाचा माणूस,” राजवर्धन म्हणाला. हसायचं वाक्य होतं, पण त्याची नजर काठीवरच होती. तेव्हा कुठे फुलाबाईच्या लक्षात आलं की आपण कोणाला ‘जा’ म्हणत होतो. काठी तिनं भिंतीला टेकवली आणि पदर तोंडावर घेऊन पायरीवर बसली.

राजवर्धननं हेडफोन टेबलावर ठेवला, माझ्या शेजारी. “हा चांगला हाय, आप्पासाहेब. ह्याच्या आधीबी चांगलाच हुता ना?”

आप्पासाहेबांनी टोपी काढली. फौजेतली टोपी, जी ते जेवतानासुद्धा काढत नसत. “चांगलाच हुता, पोरा. खोट ह्याच्यात हाय. मला ठाऊक हुतं.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, उभं राहून. साहेब फार बोलले. शाळा मात्र कुठे गेली नाही. नवा रेडिओ येईपर्यंत विमानं शेडमध्ये उभी राहिली, एवढंच. ज्या भीतीनं दोघांनी तोंड शिवून घेतलं होतं, ती भीती माझ्या चिरेहून मोठी होती, पण माझ्या चिरेइतकी खरी नव्हती.

नवा रेडिओ आला. साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे भंगारात टाका.” दिपाली दारातच उभी होती. “मला द्या,” ती म्हणाली.

म्हणून आता मी महिपतीच्या घरी, फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी असतो. आप्पासाहेबांनी बारामतीतल्या एका दुकानातून सोल्डरगन मागून आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ उघडली. दिपालीनं बॅटरीचा उजेड धरला. चीर दिसेचना. शेवटी दिपालीलाच सापडली, तिळाएवढी. डाग द्यायला चहा उकळण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. आप्पासाहेब कितीतरी वेळ माझ्या कुशीतल्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

आता मी बरा आहे, पण माझ्याशी कोणी बोलत नाही. ते बरोबरच आहे. तरी मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जे काही असेल, सायकल असो, शेतावरची मोटर असो नाहीतर घरातलं माणूस असो, त्याचा आवाज अडखळला तर त्याला चापट मारू नका. आणि लोकांसमोर त्याचं कौतुकही करू नका. उघडून बघा. बघता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला सांगा. तिळाएवढी चीर सांगायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण ती सांगितली नाही, की एखाद्या दुपारी कोणीतरी वरून आपलं नाव घेऊन विचारतं आणि आपल्याला फक्त ऐकू येतं.

काल संध्याकाळची गोष्ट. फुलाबाईनं रुखवतासाठी पुन्हा गहू भिजवलेत. घरभर त्यांचा आंबूस वास आहे. थोरलीच्या होणाऱ्या सासरची माणसं रविवारी बोलणी करायला यायची आहेत. फुलाबाई माझ्यावरची पिठाची धूळ पुसत होती आणि दिपालीला समजावत होती, “पावणं आलं की तू भिताडाला डावा कान करून बस. उजव्या अंगाला कुणीबी बसू दे, म्हंजी कळायचं न्हाय.” महिपती उंबऱ्यावर तंबाखू मळत होता. त्यानंही होकाराची मान डोलावली.

दिपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या कुशीतल्या पोच्यावर तिनं हात ठेवला आणि दोघांकडे वळली.

“तात्या, आये, ऐका. उद्या शाळंत मी बाईंस्नी सांगणार हाय की माझा डावा कान बंद हाय, मला पयल्या बाकावर डाव्या भिताडाला बसवा. आन रविवारी पावणं आलं, की च्या द्यायच्या आधी त्यास्नीबी मीच सांगणार.”